भरसभेत ‘बाई, आकडा चुकला’ असं ऐकू आलं तर

पत्राचा सारांश

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावातून हे पत्र आलं आहे. लिहिणाऱ्या ताई चौतिशीच्या आहेत. घरी कोरडवाहू शेती, कापूस आणि तूर. बारावीनंतर लग्न झालं, पुढे बचत गटातून त्या कृषी सखी, म्हणजे गावातल्या शेतकऱ्यांना शेतीची माहिती देणाऱ्या प्रशिक्षित कार्यकर्त्या, झाल्या. आता आसपासच्या गावांत महिला गटांसमोर आणि शेतकरी मेळाव्यांत बोलतात, तालुक्याच्या साप्ताहिकात पंधरा दिवसांनी शेतीवर लेख लिहितात. ऑगस्टमधल्या एका लेखात किडीवर फवारायच्या निंबोळी अर्काचं प्रमाण चुकलं. १५ लिटरच्या पंपाला ७५० ग्रॅम निंबोळी हवी होती, तिथे ७५ ग्रॅम छापलं गेलं आणि सभेतही त्या तेच बोलल्या. एक वयस्क काका उठून म्हणाले, “बाई, आकडा चुकला तुह्या. पंच्याहत्तर ग्रॅमानं अळी मरत नसते. पुस्तकातलं पाहून बोलून रायली तू.” लोक हसले. ताईंनी “छापणाऱ्यांची चूक असेल” म्हणून विषय बदलला. मग गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लेखाचा फोटो फिरला. कुणी शुद्धलेखनाच्या चुका काढल्या, कुणी वऱ्हाडी बोलण्याची नक्कल केली, कुणी “घरचं सोडून माइक घेऊन फिरते” असं लिहिलं. त्याच महिन्यात एका साहित्य मेळाव्यात त्यांनी कापूस वेचणीवरचा लेख वाचला, तर एक ज्येष्ठ लेखक म्हणाले, “हे साहित्य नाही, माहितीपत्रक आहे.” सासूबाई म्हणतात, “कायले लोकाईच्या तोंडी लागते?” ताई विचारतात: “टीका हसत झेलणारे लोक असतात. तशी जाड कातडी मी कशी करू? की आपल्यासारखीनं हे सोडूनच द्यावं?”

उत्तर

ताई, नमस्कार.

तुमच्या चार पानी पत्रात कोण हसलं, किती वेळ हसलं, पुढच्या रांगेत कोण बसलं होतं, हे सगळं बारकाईनं आलं आहे. काकांनी सांगितलेलं बरोबर होतं का, यावर मात्र एकच ओळ आहे: “नंतर पाहिलं तर त्यांचंच बरोबर निघालं.” असं होणं साहजिक आहे. भरसभेत हसं झालं की माणसाच्या ध्यानात हसणारे राहतात. पण तुमच्या प्रश्नाची गाठ मला त्या एका ओळीतच दिसते, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

फवारायचा असतो पाच टक्के अर्क, म्हणजे १०० लिटर पाण्याला ५ किलो निंबोळी. लिटरला ५० ग्रॅम, १५ लिटरच्या पंपाला ७५० ग्रॅम. ७५ ग्रॅम टाकले तर अर्क होतो अर्धा टक्का. त्यानं कुणाला बाधा होणार नाही, पीकही करपणार नाही, पण किडीवर कामही होणार नाही. एखाद्या बाईनं तुमचा लेख कापून ठेवला असेल, निंबोळी कुटून रात्रभर भिजत घातली असेल, सकाळी मजुरी देऊन फवारून घेतली असेल, तर तिची मजुरी गेली. त्याहून मोठं नुकसान म्हणजे “निंबोळीनं काही होत नाही” हे तिच्या मनात बसलं. पुढच्या वर्षी ती निंबोळ्या गोळा करणार नाही, सरळ दुकानातून औषध आणेल. २०१७च्या खरिपात तुमच्याच जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. फवारणीच्या आकड्याला तुमच्याकडे काय वजन आहे, हे तुम्हाला मी सांगायला नको.

म्हणून जाड कातडीची मागणी मला मान्य नाही. कातडी जाड झाली की ग्रुपवरची चेष्टा टोचणार नाही हे खरं, पण काकांचा आकडाही आत पोचणार नाही. तुम्ही ललित लेखिकाच असता तर कदाचित चाललं असतं. तुमच्या शब्दावर लोक पंपात औषध मोजतात. तुम्हाला टोचणं भागच आहे. प्रश्न एवढाच, की टोचल्यावर पुढच्या दोन मिनिटांत आणि पुढच्या दोन दिवसांत काय करायचं.

दुसरी एक समजूत तुमच्या पत्रात आहे, ती अशी की चूक कबूल केली तर मान जातो. म्हणूनच तोंडातून “छापणाऱ्यांची चूक” निघालं. पण तोच आकडा तुम्ही स्वतः माइकवर बोललात, तोही सगळ्यांनी ऐकला. श्रोत्यांच्या बाजूनं विचार करून पाहा. तुम्ही तासाभरात वीस आकडे सांगता: खताचे, अंतराचे, दिवसांचे, पैशांचे. समोरच्या माणसाला ते सगळे तपासता येत नाहीत. त्याला एखादाच तपासता येतो, जो त्याच्या अनुभवातला असतो. त्या एका आकड्याशी तुम्ही कशा वागलात, यावरून तो उरलेल्या एकोणीस आकड्यांवर विश्वास ठेवायचा की नाही ते ठरवतो. चूक कबूल करणाऱ्या बाईचे बाकीचे आकडे बरोबर असावेत असं त्याला वाटतं. चूक झटकणारीचे सगळेच आकडे त्याच्या मनात संशयाचे होतात. लोक हसले ते आकड्याला. तुम्ही विषय बदललात तेव्हा मात्र ते गप्प झाले, असं तुम्हीच लिहिलं आहे. त्या गप्प होण्याची मला जास्त काळजी वाटते.

आता सभेतली ती दोन मिनिटं.

कुणी उठून आक्षेप घेतला की तोंड कोरडं पडतं, कान तापतात आणि समोरच्याचं अर्धंच वाक्य ऐकू येतं. उत्तर जातं त्या अर्ध्या वाक्याला. तुम्हाला “पुस्तकातलं पाहून” एवढंच ऐकू आलं, “पंच्याहत्तर ग्रॅमानं” हे निसटलं. यावर उपाय आहे, आणि तो सवयीनं जमतो: उत्तर द्यायच्या आधी त्यांचं म्हणणं माइकवर परत म्हणायचं. आधी पाण्याचा एक घोट, मग शांतपणे, “काका म्हणतात, पंच्याहत्तर ग्रॅमानं काम होत नाही.” यानं तीन गोष्टी होतात. मागच्या रांगेला काकांचा आवाज पोचलेलाच नसतो, त्यांना फक्त हसणं ऐकू आलेलं असतं, त्यांना मुद्दा कळतो. तुम्हाला विचार करायला दहा-पंधरा सेकंद मिळतात. आणि आपलं म्हणणं ऐकलं गेलं हे दिसल्यावर उठलेल्या माणसाचा आवाज आपोआप खाली येतो. परत म्हणताना त्यांच्या वाक्यातला मुद्दा तेवढा घ्या. टोमणा घेऊ नका, आणि त्यांच्या आवाजाची नक्कल तर चुकूनही नको.

त्यानंतर उत्तर तीनपैकी एकच असू शकतं. “तुमचं बरोबर आहे.” “मला आत्ता सांगता येत नाही, गुरुवारी विचारून सांगते.” किंवा “माझं मत वेगळं आहे, कारण असं असं.” चौथं उत्तर, म्हणजे हळूच विषय बदलणं, हे उत्तरच नव्हे. त्या दिवशी पहिलं उत्तर लागू होतं. फळ्यावर हिशोब मांडून म्हणता आलं असतं, “शंभर लिटरले पाच किलो, म्हंजे पंधरा लिटरले साडेसातशे. काकांचं बरोबर हाय. माह्या वहीतच आकडा चुकला. सगळ्याईनं साडेसातशे लिहून घ्या.” बस. तीस सेकंदांचं काम. दहा वेळा माफी मागायची गरज नाही. माफी लांबली की श्रोत्यांना तुमची समजूत काढावी लागते आणि खरा आकडा मागे पडतो.

दुसऱ्या उत्तराबद्दल एक सूचना. “गुरुवारी सांगते” म्हटलं तर गुरुवारी सांगायचंच, उत्तर मिळालं नसेल तर “अजून मिळालं नाही” हेही सांगायचं. विचारणाऱ्याचं नाव आणि गाव तिथेच लिहून घ्या, म्हणजे त्यालाही कळतं की तुम्ही मनावर घेतलं आहे. तिसरं उत्तर देताना आकड्याला आकडा द्या. कामगंध सापळ्यात, म्हणजे मादीच्या गंधानं नर पतंग ओढणाऱ्या सापळ्यात, सलग तीन दिवस रोज आठ किंवा जास्त पतंग आले की बोंडअळीसाठी फवारणीचा विचार करायचा, ही शिफारस आहे. कुणी म्हणालं, “आम्ही तर दोन पतंग दिसले की फवारतो,” तर त्याला अडाणी ठरवू नका. शिफारस सांगा, ती कुणाची ते सांगा, आणि त्याला विचारा की मागच्या हंगामात किती फवारण्या झाल्या आणि खर्च किती आला. हिशोब बाकीचे लोक स्वतःच करतील.

बोलणाऱ्या माणसाला एक मिनिट अवश्य द्या. “काका, तुम्ही कसं करता?” हा प्रश्न विरोधकाला साक्षीदार करतो. मात्र माइक हातातून सोडू नका, त्यांच्या तोंडापुढे तुम्ही धरा. हातात माइक गेला की काही माणसं पीकविम्यापासून रस्त्यापर्यंत सगळं काढतात आणि सभा हातची जाते. गाडं तसं वळू लागलंच, तर “काका, चहा घेताना बसून बोलू” म्हणा, आणि खरंच बसा.

“पुस्तकातलं पाहून बोलून रायली” हे अर्धं वाक्य तुम्हाला जास्त लागलं. त्याचाही जरा विचार करा. त्यात टोमणा आहे, पण टोमण्याच्या पोटात तपासता येईल असं काहीतरी आहे: तुम्ही हा अर्क स्वतः बनवून स्वतःच्या वावरात फवारला होता का? तुमच्या पत्रावरून तरी नसावा. मग पुढच्या सभेत सांगण्याऐवजी करून दाखवा. आदल्या संध्याकाळी गटातल्या दोघी-तिघींसमोर ५ किलो वाळल्या निंबोळ्यांचा भरडा ९ लिटर पाण्यात भिजत घाला. २०० ग्रॅम साबणाचा चुरा १ लिटर पाण्यात वेगळा भिजवा. सकाळी अर्क चांगला ढवळून दुहेरी फडक्यातून गाळा, साबणाचं पाणी मिसळा आणि एकूण १०० लिटर करा. फवारणी त्याच दिवशी, शक्यतो ऊन उतरल्यावर, कारण उन्हात त्यातला कडू घटक लवकर निकामी होतो. गाळणं नीट झालं नाही तर नोझल तुंबतं, बुरशी आलेल्या निंबोळ्या घेतल्या तर अर्काला जोर राहत नाही. या दोन गोष्टी करून पाहणाऱ्याला लवकर कळतात. हात भरल्यावर तुमचं बोलणंच बदलेल, आणि पुस्तकी म्हणायला कुणाला जागा उरणार नाही.

आता पुढचे दोन दिवस. आकडा दोन ठिकाणी चुकला, छापून आणि बोलून, आणि तिसऱ्या ठिकाणी त्याचा फोटो फिरला. दुरुस्ती तिन्ही ठिकाणी जायला हवी. साप्ताहिकाच्या संपादकांना सांगा की पुढच्याच अंकात, तुमचा लेख येतो त्याच पानावर, चौकट हवी. मजकूर असा पुरे: “ऑगस्टमधील माझ्या लेखात १५ लिटर पंपासाठी निंबोळीचे प्रमाण ७५ ग्रॅम असे आले आहे. ते ७५० ग्रॅम असे वाचावे. ही चूक माझ्याकडून झाली. ज्यांनी कमी प्रमाणात फवारणी केली असेल त्यांनी कीड पाहून योग्य प्रमाणात पुन्हा फवारावे. चूक लक्षात आणून देणाऱ्या शेतकऱ्यांचे आभार.” यात ‘अनवधानाने’, ‘तांत्रिक कारणाने’ असले शब्द घालू नका. हाच मजकूर ग्रुपवर टाका आणि खाली वाद सुरू झाला तरी त्यात पडू नका. तिसरी गोष्ट कुणी करत नाही आणि तीच सगळ्यात मोलाची: त्या सभेला आलेल्या गटांच्या अध्यक्षांना फोन करून विचारा, कुणी ७५ ग्रॅमानं फवारलं का. कुणी फवारलं असेल तर तिला स्वतः भेटा. ऑगस्टला आता बरेच दिवस झाले, असं वाटेल. तरीही करा. लेखाचं कात्रण पुढच्या हंगामापर्यंत घराघरांत राहतं, आणि निंबोळ्या पुन्हा उन्हाळ्याच्या शेवटी पडायला लागतील.

काकांकडेही एकदा जाऊन या. आभार मानायला तर जाच, पण कामासाठीही जा. पुढचा आकडेवारीचा लेख छापायला देण्याआधी त्यांना वाचून दाखवा. आकडे मोजणारा माणूस तालुक्यात सापडणं अवघड असतं, तुम्हाला तो घरबसल्या सापडला आहे.

चूक मुळात शिरली कशी, हेही पाहायला हवं. ७५० मधलं शून्य पडणं ही घाईची चूक आहे, आणि घाई पुन्हा होणारच. म्हणून लेखातला प्रत्येक डोस दोन मापांत लिहा: “१०० लिटरला ५ किलो, म्हणजे १५ लिटरच्या पंपाला ७५० ग्रॅम.” एक माप चुकलं तर दुसऱ्याशी जुळत नाही आणि कंपोज करणाऱ्यालाही शंका येते. बोलतानाही आधी शंभर लिटरचं सांगा, मग पंपाचं. पंप हाताचा की पेट्रोलवरचा, तेही लिहा. दोन्हींना पाणी सारखं लागत नाही आणि डोस बदलतो, दर हंगामात यावरून गोंधळ होतो. डोस असलेला प्रत्येक लेख कृषी सहायकांना किंवा कृषी विज्ञान केंद्रातल्या तज्ज्ञांना आधी दाखवा, आणि अकोल्याच्या कृषी विद्यापीठाची शिफारस त्या त्या वर्षाची आहे का ते पाहा. संपादकांची वेळ शुक्रवारची असेल तर लेख मंगळवारी तयार हवा. रात्री अकराला लेख संपवून सकाळी पाठवला तर तपासायला कुणालाच वेळ राहत नाही.

याच्या जोडीला एक वही करा, जमाखर्चाची असते तशी. डाव्या बाजूला लोकांनी काय म्हटलं ते त्यांच्याच शब्दांत, त्याच रात्री. उजव्या बाजूला, त्यातलं काय तपासता येतं ते, दुसऱ्या दिवशी. मध्ये एक रात्र जाऊ द्या, कारण त्याच रात्री दोन्ही बाजू भरायला बसलात तर उजवीकडे सगळा रागच उतरेल. “आवाज मागे येत नव्हता”: तपासता येतं, पुढच्या वेळी कुणाला तरी शेवटच्या रांगेत बसवून हात वर करायला सांगा, आणि चोंगा भिंतीकडे तोंड करून लावलेला नाही ना ते आधीच पाहा. “फार लांबलं”: तपासता येतं, मोबाइलवर वेळ लावा. वेचणीच्या दिवसांत रात्री आठनंतरच्या सभेत वीस मिनिटांच्या वर कुणाचं लक्ष राहत नाही, ती बाई पहाटेपासून उभी असते. “मोठी शायनी समजते स्वतःले”: उजवीकडे लिहायला काही नाही, ओळ बंद. एकमेकींना न ओळखणाऱ्या दोघींनी तीच तक्रार केली तर बदल करा. एकटीनंच केली असेल तर नुसती लक्षात ठेवा.

कौतुकालाही हीच वही लावा. “ताई, छान बोलल्या” यातून हाती काही लागत नाही. सभा संपल्यावर दोघींना गाठून विचारा, “उद्या घरी जाऊन पहिलं काय करशील?” तिनं सांगितलेलं आणि तुम्ही सांगितलेलं यात जे अंतर पडेल, ती तुमच्या भाषणाची खरी समीक्षा. गाडगेबाबा कीर्तनात लोकांना प्रश्न विचारत आणि उत्तर त्यांच्याच तोंडून काढून घेत. समोरच्याला कळलं की नाही, ते त्यांना तिथेच उमगत असे.

गाडगेबाबांचं नाव आलंच आहे, तर तुमच्या बोलीचंही बोलू. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावच्या या माणसानं आयुष्यभर आपल्या वऱ्हाडी बोलीतच कीर्तनं केली आणि दूरदूरच्या लोकांनी ती ऐकली. सभेत वऱ्हाडीच बोला. “फवारणी करण्यात यावी” म्हटल्यावर बायका वहीत लिहून घेतात, “फवारजो” म्हटलं की त्यांना कळतं. शुद्धलेखनाची टीका मात्र वेगळ्या खात्यातली आहे, ती बोलीच्या आड लपवू नका. मराठी साहित्य महामंडळाच्या शुद्धलेखनाच्या नियमांत पात्राच्या तोंडची भाषा उच्चाराप्रमाणे लिहायची मुभा आहे. म्हणजे काकांचं वाक्य वऱ्हाडीत लिहिलंत तर ते चूक नाही. पण तुम्ही पाठवलेल्या लेखात ‘किटकनाशक’ पाच वेळा आलं आहे, ते ‘कीटकनाशक’ हवं. ‘आणी’ नाही, ‘आणि’. तुमच्या लेखांत पुन्हा पुन्हा येणारे वीसेक शब्द निघतील, ते गावातल्या मराठीच्या गुरुजींकडून एकदा तपासून वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवा. एका दुपारचं काम आहे.

साहित्य मेळाव्यातल्या शेऱ्याबद्दल मला जरा सविस्तर बोलायचं आहे, कारण तुम्ही तो अपमान म्हणून बाजूला ठेवलात आणि त्यात तुमच्या कामाचं खूप आहे. त्या ज्येष्ठांनी तो भरसभेत एका वाक्यात फेकायला नको होता. तरुण लेखिकेला असं बोलणं बेजबाबदारपणाचं आहे. पण तुमचा वेचणीवरचा लेख सोबत आला आहे, तो वाचला. पहिलं वाक्य असं: “कापूस वेचणी ही महिलांसाठी अत्यंत कष्टाची प्रक्रिया असून त्यांना विविध आरोग्यविषयक समस्यांचा सामना करावा लागतो.” हे वाक्य कुठल्याही अहवालात चालेल. चौथ्या परिच्छेदात मात्र तुम्ही लिहिता, “दुपारी ओटी सोडली तर कंबर सरळ होत नाही. बोंडाच्या वाळल्या काट्यांनी नखांच्या कडा सोललेल्या असतात, त्यामुळे डब्यातलं तिखट कालवण डाव्या हातानं खावं वाटते.” हे कुणाच्याही अहवालात नाही, तुमच्याकडेच आहे. ज्येष्ठांना बहुधा पहिलं वाक्य दिसलं, आणि चौथ्या परिच्छेदापर्यंत येईस्तोवर त्यांचं मत झालं होतं.

पेन्सिल घ्या आणि लेखातली अशी सगळी वाक्यं अधोरेखित करा, जी प्रशिक्षणाच्या पुस्तिकेत जशीच्या तशी बसतील. ‘प्रक्रिया’, ‘समस्या’, ‘अवलंब’, ‘व्यवस्थापन’, ‘लाभार्थी’ हे शब्द दिसले की बहुतेक वेळा ते वाक्य तिथलंच असतं. मी मोजली तर तुमच्या लेखातली निम्म्याहून जास्त वाक्यं अधोरेखित झाली. कृषी सखीचं काम करता करता ती भाषा हाताला लागते. शेतीच्या लेखाला ती थोडीफार चालते, ललित लेखात ती तुमचं स्वतःचं पाहणं झाकून टाकते. अधोरेखित वाक्यं काढून लेख पुन्हा लिहा आणि त्या ज्येष्ठांना पोस्टानं पाठवा. सोबत दोनच ओळी: “तुमचा शेरा विचारात घेऊन पुन्हा लिहिला आहे. अजूनही माहितीपत्रक वाटतो तो परिच्छेद कोणता, ते कृपया कळवावे.” असं नेमकं विचारलं की शेरा मारणाऱ्यालाही वाचावं लागतं. उत्तर आलं नाही तर त्यांच्या शेऱ्याचा तुम्हाला व्हायचा तो उपयोग होऊन गेला, विषय संपला.

“घरचं सोडून माइक घेऊन फिरते” ही तुमच्या कामावरची टीका नव्हे. त्यात तपासण्यासारखं काही नाही, म्हणून त्याला उत्तरही नाही. ग्रुपवर देऊ नका, भाषणात टोमणा मारून तर नकोच, कारण मग पुढची सभा त्याच विषयावर होते. ग्रुपचा अ‍ॅडमिन ओळखीचा असेल तर त्याला एकट्याला फोन करून सांगा की कामावर काय बोलायचं ते बोलू द्या, असलं काढून टाका. मजकूर अश्लील किंवा धमकीचा झाला तर मात्र गप्प बसायचं नाही. नंबर आणि तारीख दिसेल असा स्क्रीनशॉट ठेवा, घरात सांगा आणि पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या. सासूबाईंना दटावून उपयोग नाही, त्यांना तुमची काळजी आहे. बाहेरून उलटसुलट ऐकण्याआधी सभेत काय झालं ते त्यांना तुमच्याच तोंडून कळू द्या. एखाद्या सभेला सोबत न्या. तुमच्यासमोर बसलेल्या पन्नास बाया त्यांनी स्वतः पाहिल्या, तर ग्रुपवरच्या चार ओळींचं वजन त्यांच्या लेखी कमी होईल.

हे सदर वाचणाऱ्यांमध्ये काकांसारखे पुष्कळ जण असतील, म्हणून त्यांच्यासाठी चार शब्द. सभेत कुणाचा आकडा चुकला तर जरूर उठा, आकड्याच्या चुकीसाठी नंतरची वाट पाहू नका. पण आधी बरोबर आकडा सांगा आणि तेवढ्यावर थांबा. पुढचं “पुस्तकातलं पाहून” जोडलंत की बोलणारी बाई आकडा ऐकतच नाही, आणि नुकसान शेवटी ऐकणाऱ्यांचंच होतं.

राहिला सोडून देण्याचा प्रश्न. तुमच्यापुढे दोनच वाटा आहेत असं तुम्ही धरून चालला आहात, हसत झेलणं किंवा सोडणं. मधे बरंच काही आहे. तुमच्या लेखांची यादी पाहिली: कापूस, तूर, शेळीपालन, माती परीक्षण, पीकविमा, परसबाग. दर पंधरा दिवसांनी नवा विषय म्हणजे दर पंधरा दिवसांनी दुसऱ्याच्या आकड्यांवर भरवसा. विषय दोनवर आणा, जे तुमच्या वावरात आणि तुमच्या हातून होतात: कापूस आणि तूर. पंधरा दिवसांऐवजी महिन्याला एक लेख द्या आणि संपादकांना कारण स्पष्ट सांगा. सभा कमी करायच्या असतील तर मोठे मेळावे कमी करा, वीस-पंचवीस बायकांचे गट ठेवा. तिथे चूक लगेच कळते आणि तिथल्या तिथे दुरुस्तही होते. पुढचा पूर्ण खरीप असं करून पाहा. दिवाळीनंतर वहीची उजवी बाजू वाचा. त्याच त्या तक्रारी पुन्हा आलेल्या दिसल्या आणि तुम्हालाही या कामात मन लागत नसलं, तर सोडायला हरकत नाही. पण तेव्हा ते तुमच्या हिशोबानं सोडलेलं असेल. ऑगस्टमधल्या एका संध्याकाळच्या हसण्यावरून आज तो निर्णय घेऊ नका.

दुरुस्तीची चौकट मात्र याच आठवड्यात संपादकांकडे द्या.